शेळीनं खाल्लेला झेंडा

८ नोव्हेंबर, शनिवार

जवाहर नगरच्या ग्रंथालयात मासिकं बदलायला गेलो. सु. (आमची सौ.) बरोबर होती. वाटेत भाजी घेतली, म्हणून उशीर.

शनिवारी चारला तिथे मुलांचा गोष्टींचा तास असतो. गोष्टी सांगणाऱ्या मुलीला दिल्लीला नोकरी लागली, ती न कळवता गेली. मुलं सतरंजीवर नुसता धिंगाणा घालत होती. ग्रंथपाल माथुर मॅडम दारात उभ्या, रडकुंडीला आलेल्या. मी पुढे झालो. म्हटलं, मैं कुछ पढ़कर सुनाऊँ? राजभाषा पखवाड्यात रेल्वेने मला दोनदा प्रशस्तिपत्र दिलंय, हिंदी माझं साफ आहे. मॅडम माझ्या खांद्यावरून सु.कडे बघत म्हणाल्या, "आंटीजी, आप दस मिनट सँभाल लेंगी? बच्चे आपको देखकर चुप हो गए."

खरंच गप्प झाले होते. का, देव जाणे. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती बघत असतील.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. मी पेपरच्या रॅकपाशी बसलो. आतून हसणं. परत हसणं. ऑटोत विचारलं, काय सांगितलंस? "असंच. काहीबाही."

सु.चं हिंदी म्हणजे "मैं आती ना अभी." हिंदी मुलखात, आमच्या या सोडाल्यात, इतकी वर्षं काढली तरी भाजीवाला भैया अजून हसतो.

९ नोव्हें., रविवार

मराठी वाचन कट्टा. हा माझा. निवृत्तीनंतर मी सुरू केला, त्याच ग्रंथालयात, मागच्या खोलीत, रविवारी सकाळी अकराला. गाडी कधी लेट होऊ दिली नाही, कट्टाही होत नाही. आज गजभिये (नागपूरचे, रेल्वेच्या अकाउंट्समधून रिटायर, माझे जुने मित्र), छावणीतल्या एका सुभेदाराच्या मिसेस, आणि एक गृहस्थ, जे स्पर्धा परीक्षेचा वर्ग समजून आले होते आणि संकोचाने बसून राहिले. भाषा आणि समाज यावरचा लेख वाचला. गजभिये झोपले. उठल्यावर म्हणाले, "विषय जड होता, पण तुमचा आवाज मस्त आहे बाप्पा. झोप लागून जाते."

मॅडमनी सु.ला पुढच्या शनिवारी परत बोलावलंय. निरोप मीच आणायचा, कारण ग्रंथालयाकडे आमच्या घरचा नंबर म्हणजे माझा. सु.चा फोन मुलीचे व्हिडिओ कॉल घेण्यापुरता.

१५ नोव्हें., शनिवार

आज आत जाऊन बसलो, शेवटच्या रांगेत, मोठ्यांच्या खुर्चीवर.

ही शेळीची गोष्ट माझी आहे!

मालगाडीचा गार्ड होतो तेव्हाची. फुलेऱ्याच्या अलीकडे एका बारक्या स्टेशनात गाडी बाजूच्या रुळावर उभी, पुढून एक्स्प्रेस येऊन जायची वाट बघत. मी खाली उतरलो होतो. तेवढ्यात एक शेळी शेवटच्या डब्यात, माझ्या ब्रेकव्हॅनमध्ये चढली आणि हिरव्या झेंड्याचा कोपरा खाऊन गेली. बस, एवढंच. घरी येऊन जेवताना चिडून सु.ला सांगितलं होतं. नवा झेंडा मिळेपर्यंत किती लिखापढी करावी लागली, तेही सांगितलं होतं. लिखापढी तिने गाळली.

तिच्या गोष्टीत शेळी अख्खा झेंडा खाते. "बकरीने पूरा झंडा गिळून टाकला रे बाबा!" मुलं एका सुरात, "गिऽळून टाकला!" मग गाडी सुटणार कशी? गार्डसाहेब शेळीच्या हाता-पाया पडतात, झंडा वापस दे दो बकरीजी. शेळी शिंग उगारते, गार्डसाहेब पाण्याच्या टाकीवर चढून बसतात. शेवटी गावची एक बाई आपली हिरवी ओढणी काढून देते, ती हलवून गाडी सुटते.

ओढणीवर गाडी सुटत नाही. आणि मी टाकीवर चढलो नव्हतो.

तास संपल्यावर एक चिमुरडी आली. ओवी, छावणीतली, मराठी अडखळत बोलते. "आजोबा, तुम्ही बकरीला घाबरले?" मी म्हटलं, नाही. "मतलब, थोडेसे?"

घरी सु.ला सुनावलं. गोष्ट माझी, नाव गार्डसाहेबांचं, आणि फजिती का? ती कणीक मळत म्हणाली, "अहो, फजिती झाल्याशिवाय मुलं ऐकतात होय?" जशी काही हिने आयुष्यभर हेच केलंय.

१७ नोव्हें., सोमवार

पलंगाखालून लाइन बॉक्स ओढला. गार्डची ही लोखंडी पेटी, ड्यूटीवर सगळं सामान यात. सामान जमा केलं, रिकामी पेटी राहिली. रिकामी नाही. कोपरा खाल्लेला तो झेंडा आहे. नवा मिळाल्यावर हा कुणी परत मागितला नाही, मी ठेवून घेतला. कोपराच गेलाय. बाकी सबंध आहे. हे त्या मुलांना दाखवलं पाहिजे.

मग वाटलं, कोणाला काय पडलंय. पेटी परत सारली.

२३ नोव्हें., रविवार

नोटीस बोर्डावर माझ्या कट्ट्याची सूचना असते, मी स्वतः बोरूने लिहिलेली, अक्षर बघून लोक थांबतात. आज तिच्या शेजारी रंगीत पोस्टर. "सुलभा आंटी की रेलगाड़ी: हर शनिवार." वर शेळीचं चित्र. शेळीच्या तोंडात झेंडा. टाकीवर एक टोपीवाला माणूस, पोट सुटलेलं.

माझं पोट नाही.

कट्ट्याला गजभिये एकटेच. लेख वाचायला काढला तर म्हणाले, "तुमच्याकडे वहिनींसारखं रेल्वेचं काई नाही का? माही नात घरी दिवसभर गिळून टाकला, गिळून टाकला करत राह्यते." मी म्हटलं, ते सगळं माझंच आहे. "असं? मग तुम्ही काऊन नाही सांगत?"

काऊन नाही सांगत! म्हणजे आता मीच दोषी.

आई-बाप मुलांना सोडायला येतात आणि थांबतात, असं मॅडम सांगत होत्या. सतरंज्या पुरत नाहीत. माझ्या खोलीतल्या खुर्च्या शनिवारी नेल्या तर चालेल का, म्हणे. चालेल म्हटलं. काय म्हणणार?

२९ नोव्हें., शनिवार

लिहू नये, पण लिहितो. ग्रंथालयात कोणी नसताना तिचं पोस्टर काढून खाली, पेपरच्या रॅकमागे लावलं. माझी सूचना मध्यभागी घेतली. टाचण्या सरळ लावल्या.

चार वाजता नेहमीपेक्षा जास्त मुलं आली. त्यांना पोस्टर लागत नाही.

आजची गोष्ट: गार्डसाहेबांचा डबा माकडाने पळवला. हीसुद्धा माझी. माकडाने डबा पळवला ते खरं, पण त्यात सु.च्या हातची वांग्याची भाजी होती आणि माकडाने ती चाखून डबा परत ठेवला, हा भाग मी तिला सांगितला होता गंमत म्हणून. तिने भाजी बदलली. गार्डसाहेबांनी स्वतः केलेली कच्ची खिचडी केली. हॉल हसून लोटपोट. मी पण हसलो, मग आठवलं की हसायचं नाहीये.

हे जळणं आहे, कळतंय मला. दुसरं कुणी असतं तर निदान नाव ठेवता आलं असतं. ही माझ्याच ताटात वाढते, माझाच सदरा इस्त्री करते, आणि हिच्यावर जळायचं. कोणाला सांगता येत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

माथुर मॅडमचा फोन. सी-स्कीम भागातल्या मोठ्या ग्रंथालयात वीस तारखेला बालमेळा आहे. शहरातल्या सगळ्या वाचनालयांमधून एकेक गोष्ट सांगणारा. मोठा हॉल, माइक, नाटकवाले, कठपुतळीवाले. "हमारी तरफ़ से सुलभा आंटी. नई कहानी चाहिए, बस. आप उनसे पूछकर बता दीजिए, पंद्रह तक नाम देना है."

मी म्हटलं, पूछकर बताता हूँ.

सु. आतून, "कुणाचा होता?"

"बँकेचा."

तोंडातून निघून गेलं.

६ डिसें., शनिवार

सांगितलं नाही. आज तासानंतर मॅडम तिच्याकडे निघाल्या तर मी मध्येच गाठलं. "अंकल, पूछा आपने?" मी म्हटलं, सोच रही हैं. घुटने का दर्द है. गुडघा दुखतो हे खोटं नाही. मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, "शरमाती होंगी. आप समझाइए ना, आपकी बात मानेंगी."

सहा वर्षं कट्टा चालवतोय. मला कोणी कधी सी-स्कीमला बोलावलं नाही. एकदा तरी विचारायचं होतं, मीसुद्धा पूछकर बताता हूँ म्हटलं असतं.

१० डिसें., बुधवार

थंडी वाढली. सु.ने गच्चीवर उन्हात पापड पसरले, राखणीला मला बसवलं. दोनदा ओठावर आलं. पंधरा तारीख गेली की प्रश्नच मिटेल, असं वाटतं. मग वाटतं, मिटेल म्हणजे काय होईल? ती शनिवारी जात राहील, हसत राहील, आणि मला एकट्याला माहीत असेल.

ही पातळ पापड लाटते. मोडतच नाहीत.

१४ डिसें., रविवार

कट्ट्याला कोणी नाही. गजभियेंना सर्दी. सुभेदाराची बदली झाली, मिसेसही गेल्या. बरोबर अकराला मी रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा. वीस मिनिटांनी पुस्तक मिटत होतो तर दारात सु. गुडघ्याला पट्टा, हातात थर्मास. सोडाल्याहून एकटी आली, बस बदलून.

"चहा विसरलात." मग खुर्च्या बघितल्या. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. "वाचा ना."

इतक्या वर्षांत ती एकदाही कट्ट्याला आली नव्हती. मीही कधी ये म्हटलं नव्हतं, हे तिथेच लक्षात आलं. शिक्षणपद्धतीवरचा लेख होता, चांगला लांबलचक. सगळा वाचला. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती, एकदाही डुलकी नाही. संपल्यावर विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "त्या मास्तरांचं पुढे काय झालं हो?"

कोणते मास्तर? पानं उलटून पाहिलं. मध्ये एका शिक्षकाचं उदाहरण होतं, दोन ओळींचं. नदी ओलांडून शाळेत जायचे, एवढंच. मी म्हटलं, लेखकाने दिलेलं नाही. "अरेरे," म्हणाली. मनापासून हळहळली.

परतताना ऑटोत सांगून टाकलं. सी-स्कीम, वीस तारीख, उद्याची मुदत. फोन तीन तारखेलाच आला होता. हेही सांगितलं.

ती रस्त्याकडे बघत होती. "तरीच. मॅडम काल म्हणाल्या, आराम से सोचिए आंटी. मी म्हटलं कशाबद्दल असेल बाई." उतरता उतरता, "बँकेचा फोन लांबलाच म्हणायचा."

राग आला असेल. दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसें., मंगळवार

मॅडमना काल हो कळवलं. आज सु. मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, "हो म्हटलंत खरं, पण नवी गोष्ट कुठून आणू? तुमच्याकडच्या संपल्या. रिटायर झाल्यापासून तुम्ही काही सांगतच नाही."

ऐकून छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. म्हणजे माझ्यावाचून अडलं तर! खुर्ची ओढली. कधीच न सांगितलेली एक सांगायला घेतली.

सांभरच्या बाजूचं बारकं स्टेशन. मालगाडी बाजूच्या रुळावर उभी, लांबच लांब, शेपूट थेट फाटकावर. शेपटीला माझी ब्रेकव्हॅन. संध्याकाळ. तिकडून वरात आली. बँडबाजा, घोडीवर नवरदेव, कमरेला तलवार. नवरीचं गाव रुळापलीकडे आणि मुहूर्त गोधूलीचा. माणसं वाकून डब्याखालून जातील, पण घोडी कशी जाणार? वरातीतले म्हातारे हात जोडतात, साहब गाड़ी हटाओ. सिग्नलशिवाय गार्ड काय करणार? बँडवाले वाजवून वाजवून थकले. सूर्य टेकला. तसा नवरदेव घोडीवरून उतरला, तरातरा ब्रेकव्हॅनमध्ये चढला, माझ्या खुर्चीवर बसला, तलवार मांडीवर आडवी. "जब तक गाड़ी नहीं हटेगी, मैं नहीं उतरूँगा." आणि नेमका त्याच क्षणी सिग्नल हिरवा झाला.

इथे थांबलो.

सु.च्या हातातली काडी तशीच. "मग?"

"उद्या सांगतो."

असं तिच्याकडे बघायला मिळावं म्हणून मी किती दिवस झुरत होतो, ते मलाच आत्ता कळलं.

१८ डिसें., गुरुवार

काल एकदा विचारलं तिने, "नवरदेवाचं काय झालं?" मी म्हटलं, बघू. आज विचारलंच नाही. स्वयंपाक, पट्टा, मुलीचा कॉल, सगळं झालं. दोनदा मुद्दाम समोर जाऊन बसलो. नाही.

खरं म्हणजे पुढे काही नाही. सिग्नल मिळाल्याबरोबर नवरदेव शहाण्यासारखा उतरला, मी झेंडा दाखवला, गाडी सुटली. वरात लहान लहान होत गेली. मुहूर्त गाठला का नाही, मला काय ठाऊक. म्हणून तर कधी सांगितली नव्हती.

परवा मोठ्या हॉलमध्ये ही शेवटाविना उभी राहणार. विचारत का नाही ही?

२० डिसें., शनिवार. सकाळी

सदऱ्यासाठी पलंगाखालची बॅग काढली, तर लाइन बॉक्सची कडी उघडी. झेंडा नाही. विचारलं सुद्धा नाही मला! माझी गाडी, माझी शेळी, आता माझा झेंडा. ऑटो आली आहे. नंतर.

२१ डिसें., रविवार

काल परत आल्यावर लिहिता आलं नाही.

हॉल गच्च. मी तिसऱ्या रांगेत, बाजूला गजभिये, पुढे ओवी आणि जवाहर नगरची टोळी. आधी कठपुतळ्या झाल्या, मग गिटारवाला एक मुलगा. मग सु. नारायणपेठी, चष्मा, पट्टा दिसत होता. माइक तिला उंच पडला, तिने तो बाजूला केला.

वरातीची गोष्ट. माझ्याकडून ऐकलेली, पण मी कुठे अशी सांगितली होती? घोडीला नाव दिलं, बेबी. बँडवाल्याला एकच धून येते. आणि गार्डसाहेब. मी मुठी आवळून बसलो होतो, आता याला कोणत्या टाकीवर चढवते म्हणून. तर म्हणाली, "ये गार्डसाहब बहुत कड़क आदमी. रोज झंडे को इस्त्री करके ड्यूटी पे जाते." लोक हसले. खरं आहे ते, कडक इस्त्रीचा झेंडा लागायचा मला. इस्त्री तीच करायची, पहाटे उठून. ते तिने सांगितलं नाही.

नवरदेव चढला. तलवार आडवी. "और उसी टाइम सिग्नल हरा हो गया."

थांबली. जिथे मी थांबलो होतो, अगदी तिथेच. हॉलमध्ये चिडीचूप. हिने पिशवीतून झेंडा काढला. जवाहर नगरची पोरं खाल्लेला कोपरा बघून किंचाळली, बकरीवाला, बकरीवाला! तिने हात खांद्यात सरळ धरला, मी धरायचो तसा, आणि झेंडा तिसऱ्या रांगेकडे दाखवला.

"आगे का मेरेको नहीं मालूम. वो गार्डसाहब बैठे हैं, उनको पूछो."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. गजभियेंनी कोपर मारलं, "उठा ना बाप्पा." गाडी सोडायचा हिरवा आयुष्यभर मी दाखवला, मला कोणी दाखवलेला नाही. हिरवा दिसल्यावर बसून राहायची सवय नाही. उठलो.

सूड होता की मान, उभं राहेपर्यंत ठरेना.

काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की सरळ खोटं बोललो. नवरदेव उतरलाच नाही, म्हटलं. गाडी सुटली, नवरदेव गाडीत, मागून बेबी घोडी धावतेय, तिच्यामागे बँड. पुढच्या स्टेशनात मी त्याला उतरवलं आणि उलट दिशेच्या मालगाडीच्या गार्डच्या हवाली केलं. तो परत फाटकावर पोचला तर नवरीच कंटाळून तिथे येऊन उभी. लग्न फाटकात लागलं, हार फाटकाच्या दांड्याला. ब्रेकव्हॅनमध्ये बाहेरचा माणूस नेणं पक्कं नियमाविरुद्ध. जे कधी केलं नाही ते भर सभेत कबूल केलं, साफ हिंदीत. मध्येच "घोडी फाटक गिळून टाकेल" असं काहीतरी निघून गेलं, मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

टाळ्या पडल्या. खूप. मॅडम डोळे पुसत होत्या. ओवी म्हणाली, "आजोबा, अब आप भी शनिवारको येणार?" मी मनात हिशेब करत होतो, टाळ्यांतल्या तिच्या किती आणि माझ्या किती. तिने झेंडा घडी करून पिशवीत ठेवला. माझ्याकडे दिला नाही.

ऑटोत गार वारा. तिने शाल अर्धी माझ्या गुडघ्यांवर टाकली. सोडाला आला तशी म्हणाली, "बरा होता हो शेवट."

मी वाट बघत राहिलो.

"माझ्या मनात वेगळा होता."

म्हणजे होता. तिच्याकडे शेवट होता, आणि तो मागे ठेवून तिने झेंडा मला दाखवला.

आज कट्ट्याला सात जण आले. घरी आलो, जेवलो. ती पापडांचा डबा भरतेय, मी समोर बसून हे लिहितोय. तिचा शेवट अजून विचारलेला नाही. विचारलं तर लगेच सांगेल, लपवायची सवय नाही तिला.

आणि तो माझ्यापेक्षा चांगला असेल.